बरा होतो का?

मराठीत मागण्यासाठी किती शब्द आहेत, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता. भीक, भिक्षा, माधुकरी, जोगवा, दान, देणगी, वर्गणी. प्रत्येक शब्दात मागणाऱ्याचा हात वेगळ्या उंचीवर असतो. भीक मागणारा हात खाली असतो. माधुकरी मागणारा विद्यार्थी दारात उभा राही, तेव्हा त्याच्या झोळीत पडणारे अन्न हे विद्येसाठी दिलेले असे. त्यात त्याला कमीपणा नव्हता. जोगवा मागणारी बाई स्वतःसाठी मागतच नाही, ती देवीच्या नावाने परडी पुढे करते. आणि गणेशोत्सवाची वर्गणी मागायला मंडळाची मुले जिना चढून येतात, तेव्हा तर मागणाऱ्यापेक्षा देणाराच थोडा दबलेला असतो! हे सारे शब्द मला लहानपणापासून ठाऊक होते. परंतु हातात डबा घेऊन मी स्वतः उभी राहिले, तेव्हा यांपैकी नेमके काय मी मागते आहे, हे मला सांगता येईना.

तो २ एप्रिलचा दिवस होता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये ठराव करून हा दिवस जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून ठरवला आणि २००८ पासून तो जगभर पाळला जातो. नाशिकमध्ये आमचा एक लहानसा गट आहे. चार-पाच पालक, दोन महाविद्यालयीन विद्यार्थी, एक निवृत्त बँक कर्मचारी आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेली मी. स्वमग्न मुलांसाठी भरणाऱ्या एका सकाळच्या वर्गाला आम्ही हातभार लावतो. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांचा खर्च ज्यांच्या घरी पेलत नाही, अशा चार मुलांची वर्षाची फी उभी करायची, हे त्या वर्षीचे आमचे उद्दिष्ट होते. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फिरायला येणारे पुष्कळ लोक असतात, म्हणून फाटकाबाहेर आम्ही एक घडीचे टेबल मांडले. टेबलावर पत्रकांचा गठ्ठा, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक दगड, आणि शेजारी पत्र्याचा डबा. डब्याला चीर पाडली होती आणि त्यावर निळा कागद चिकटवला होता.

पहिल्या तासाभरात माझ्या लक्षात आले, की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. ‘हे मतिमंदत्वच ना?’ ‘लहानपणी टीव्ही, मोबाइल जास्त दिल्यामुळे होतं का?’ ‘लशीमुळे होतं म्हणे?’ या प्रश्नांची उत्तरे मला पाठ होती. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या कधी एकत्र आढळतात आणि कधी नाही. स्वमग्नता मोबाइल देण्यामुळे उद्भवत नाही. मेंदूच्या घडणीतच तिचे मूळ असते. लशीचा संबंध जोडणारा एक लेख १९९८ मध्ये इंग्लंडमधील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यातील दोष उघड झाल्यावर २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. हे सगळे मी शिक्षिकेच्या उत्साहाने सांगत होते. ऐकणारे मान डोलावत आणि सुटे पैसे डब्यात टाकून पुढे जात.

परंतु एक प्रश्न या सर्वांच्या शेवटी हमखास येई. ‘बरा होतो का?’

सात वाजण्याच्या सुमारास एक वयस्क गृहस्थ थांबले. पांढरे बूट, गळ्यात मफलर. त्यांनी पत्रक शांतपणे वाचले, खिशातून पाचशेची नोट काढली, घडी उलगडली आणि विचारले, “बरा होतो का असा मुलगा?” मी म्हटले, “नाही. हा आजार नाही, त्यामुळे बरा होण्याचा प्रश्न नसतो. जन्मभराची अवस्था आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी हळहळ उमटली. “मग काय उपयोग!” ते पुटपुटले. पाचशेची नोट परत खिशात गेली आणि दहाची बाहेर आली. त्यांचा मला राग आला नाही. आपला पैसा कोठेतरी पोहोचावा आणि त्याने काहीतरी पुरे व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

अर्ध्या तासाने एक तरुण जोडपे आले. तोच प्रश्न. आणि या वेळी मी म्हणाले, “लहान वयात उपचार मिळाले, तर फार फरक पडतो हो. काही मुलं तर ओळखूही येत नाहीत.” मी खोटे बोलले नव्हते. लहान वयात योग्य शिक्षण मिळाले, तर मुलाला आपले म्हणणे सांगण्याच्या वाटा सापडतात, रोजची कामे जमू लागतात, घरातला ताण हलका होतो. परंतु ‘नाही’ हा शब्द मी गिळला होता, आणि ‘ओळखूही येत नाहीत’ हे शब्द नेमके कशासाठी वापरले, ते मला पुरते ठाऊक होते. पाचशेची नोट चिरेतून आत गेली. मला विजय मिळाल्यासारखे वाटले.

माझ्या शेजारी एक आई पत्रके मोजत बसली होती. तिचा चौदा वर्षांचा मुलगा मैदानाच्या कडेने चालत होता. कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन, नजर जमिनीवर, आणि प्रत्येक फेरी कुंपणापासून मोजून तेवढ्याच अंतरावरून. ते जोडपे दूर गेल्यावर ती म्हणाली, “बाई, एक बोलू का? राग मानू नका.”

“बोला की.”

“तुम्ही आत्ता त्यांना आशा विकलीत. मलाही अशीच विकली होती.”

मग तिने अगदी सहज, पत्रकांचे कोपरे जुळवीत, मला आपली हकिकत सांगितली. मुलगा तीन वर्षांचा असताना निदान झाले. त्यानंतरची पाच वर्षे ती ‘बरा होतो’ असे सांगणाऱ्यांच्या मागे फिरली. कोणी खात्रीच्या गोळ्या दिल्या, कोणी पथ्य दिले, कोणी दुसऱ्या शहरातल्या महागड्या उपचारांचा पत्ता दिला. पाटल्या गेल्या, गावाकडच्या जमिनीचा तुकडा गेला. “पण बाई, पैशाचं काही नाही,” ती म्हणाली, “त्या पाच वर्षांत मी माझ्या मुलाकडे पाहिलंच नाही. तो बरा झाल्यावर जो होईल, त्या मुलाकडे पाहत होते. हा माझ्यासमोर बसून बसच्या पाट्या वाचायला शिकत होता आणि मला पत्ता नव्हता. आशा विकणारी सगळी माणसं चांगलीच होती हो. तुमच्यासारखीच.”

शेवटचा शब्द तिने मला टोचावा म्हणून म्हटला नव्हता, म्हणूनच तो अधिक टोचला.

त्या सकाळनंतर मी या विषयाचा इतिहास वाचू लागले. स्वमग्नतेचे आजचे वर्णन १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने अकरा मुलांच्या निरीक्षणावरून मांडले. त्यानंतर बराच काळ या अवस्थेचे खापर आईवर फुटत राहिले. आई मायेने थंड, म्हणून मूल आपल्यात मिटलेले, असा तो तर्क. मुलाच्या वागण्याने आधीच हैराण झालेल्या आयांना तज्ज्ञांकडूनही दोषच मिळाला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून या तर्काचे खंडन केले. त्याच काळात, १९६२ मध्ये, लंडनमध्ये काही पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि १९६५ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा उघडली. आपल्याकडे दिल्लीत १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी राहिली, तीही मेरी बरुआ या एका आईच्या पुढाकाराने. म्हणजे या कामातले पहिले स्वयंसेवक बहुधा पालकच होते. ज्यांच्यावर दोष होता, त्यांनीच दारोदार जाऊन मागितले आणि मागता मागता समजावून सांगितले.

या वाचनातच मला आमच्या छातीवरच्या बिल्ल्याची गोष्ट सापडली. त्या दिवशी आम्ही सर्वांनी चित्रकोड्याच्या तुकड्याचे चित्र असलेला बिल्ला लावला होता. स्वमग्नतेसाठी हे चिन्ह प्रथम १९६३ मध्ये लंडनच्या त्या पालकांच्या संस्थेने वापरले, आणि मूळ चित्रात त्या तुकड्यावर एक रडणारे मूल होते. हे मूल आपल्याला न उलगडणारे कोडे आहे आणि ते दुःखी आहे, असे त्या पालकांना मनापासून वाटत होते. परंतु ती मुले मोठी झाली. आज अनेक स्वमग्न प्रौढ स्वतः लिहितात, बोलतात; आम्ही कोडे नाही आणि आमच्यात कोणताही तुकडा हरवलेला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. कोड्याऐवजी अनंताची खूण त्यांतील पुष्कळांना आपली वाटते. निधी मिळवायचा तर रडणारे मूल उपयोगी पडते. जागृती करायची तर तेच रडणारे मूल पुसावे लागते. आम्ही एकाच टेबलावर ही दोन्ही कामे मांडून बसलो होतो आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढत होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आले.

या निमित्ताने ‘स्वमग्न’ या शब्दाकडेही मी नव्याने पाहू लागले. शब्द सुंदर आहे. कवी स्वमग्न असतो, साधक स्वमग्न असतो. मूळ इंग्रजी शब्दही ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेला आहे. परंतु मैदानाच्या कडेने चालणारा तो मुलगा स्वतःत मग्न नव्हता. झाडावरच्या पोपटांचा आवाज आम्हांला कोणालाही ऐकू येण्यापूर्वी त्याला ऐकू येत होता आणि म्हणून तो हेडफोन लावत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एस. टी. बसची पाटी तो वाचत होता. आपल्यापेक्षा जग त्याच्यात अधिक शिरत होते. आपण ज्या गोष्टींकडे पाहतो त्यांकडे, म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच चेहऱ्यांकडे, तो पाहत नव्हता, एवढाच फरक. त्याला स्वमग्न म्हणणाऱ्या आपल्यात आणि त्याच्यात अधिक स्वमग्न कोण, असा प्रश्न मला पडला.

आणि हा प्रश्न पडताच मला माझा जुना वर्ग आठवला. सुमारे तीस वर्षांपूर्वी तिसरीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. घंटा झाली, की तो दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली बसे. “तुझे नाव काय?” असे मी विचारले, की तो माझ्याच स्वरात “तुझे नाव काय?” म्हणे. वर्ग हसे. तो माझी नक्कल करतो, असे वाटून मी त्याला कितीदा तरी वर्गाबाहेर उभे केले. शेवटी त्याच्या आईला बोलावून मी सांगितले, “मुलाला घरी काही वळण लावा.” ती काही बोलली नाही. तिने त्याचा हात धरला आणि नेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. पटावरचे त्याचे नाव मी लाल शाईने कमी केले.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणे हीसुद्धा काही मुलांची बोलण्याची रीत असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे साधनही जवळपास नव्हते. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मानलेल्या २१ प्रकारांत त्याला स्थान मिळाले. परंतु अज्ञानाची ही सबब मला पुरत नाही. शब्द ठाऊक नसला, तरी बाकाखाली बसलेल्या मुलाच्या कानांवरचे हात मला दिसत होते. ‘तुला कशाचा त्रास होतो?’ असे वाकून विचारायला कोणता कायदा लागत होता? त्या आईने शाळेच्या पायऱ्या उतरताना मनात काय नेले असेल, ते मला आज कळते. दोष. पूर्वीच्या तज्ज्ञांनी जो आयांच्या पदरात टाकला होता, तोच मी एका वाक्यात तिच्या पदरात टाकला होता.

तेव्हापासून डब्यापेक्षा पत्रकाचे मोल मला अधिक वाटू लागले. डब्यातला पैसा चार मुलांना वर्षभर पुरेल. पत्रक एखाद्या शिक्षिकेच्या पर्समध्ये जाईल आणि कदाचित एखाद्या मुलाचे नाव पटावर राहील. परंतु चार मुलांची फी पत्रकांनी भरत नाही, हेही तितकेच खरे. मागायचे तर आहेच. मग ते कसे मागायचे?

उत्तर मला आपल्याच इतिहासात मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. देशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुलांसाठी मुष्टिफंड सुरू केला. घरोघरच्या बायांनी दळणातले, कांडणातले मूठभर धान्य बाजूला ठेवायचे. या दोन्ही मागण्यांत कोणाचा रडका चेहरा पुढे केलेला नव्हता. पैसा देणारा कारखान्याचा थोडा धनी होत होता आणि मूठभर ज्वारी देणारी बाई कोणा अनोळखी मुलाच्या शिक्षणात सहभागी होत होती. हीच वर्गणी. ‘वर्गणी’ या शब्दात दया नाही, त्यात वाटा आहे. रस्ता, दिवाबत्ती, वाचनालय जसे सर्वांचे, तसेच एखाद्या वेगळ्या मेंदूच्या मुलाचे शिकणेही सर्वांचे. त्यातला आपला वाटा आपण द्यायचा, तो मुलगा बरा होणार आहे म्हणून नव्हे, तर तो आपल्यात राहणार आहे म्हणून.

पुढच्या वर्षी २ एप्रिलला आम्ही त्याच फाटकाबाहेर टेबल मांडले. बिल्ले लावले नाहीत. डब्यावर फक्त ‘वर्गणी’ असे लिहिले. प्रश्न तेच होते. ‘बरा होतो का?’ असे कोणी विचारले, की मी सांगे, “बरा होत नाही, कारण तो आजारी नाही. पण तो शिकतो. त्याच्या शिकण्याला वेळ आणि माणसं लागतात, त्यासाठी ही वर्गणी.” काही जण थांबले, काही जण निघून गेले. एका बाईंनी दहा मिनिटे उभे राहून आपल्या पुतण्याविषयी विचारले आणि डब्यात काहीच न टाकता तीन पत्रके नेली. साडेनऊला आम्ही डबा उघडला. मागल्या वर्षीपेक्षा रक्कम कमी भरली. तीन मुलांची फी होणार होती, चौथ्याची नव्हती. बँकेतले काका दोनदा मोजून गप्प झाले. माझ्या खऱ्या उत्तराची किंमत एका मुलाने मोजावी काय, हा प्रश्न त्या नाण्यांच्या ढिगाशेजारी उभा होता आणि कोणीही तो बोलून दाखवला नाही. शेवटी ती आईच म्हणाली, “पुढच्या रविवारी सोसायट्यांत जाऊ. जिने चढू. वर्गणी म्हटलं ना? मग गणपतीसारखी घरोघर मागू.”

चौथ्या मुलाची फी त्या उन्हाळ्यात भरली गेली, चव्वेचाळीस घरांचे जिने चढून.

त्या दिवशी टेबल आवरल्यावर मी त्या दोघांबरोबर सीबीएसपर्यंत चालत गेले. मुलाला बस पाहायच्या होत्या. रविवार असो वा सण, दहा वाजता तो तेथे असतो. बाकावर एकच जागा होती, तेथे तो टोकाला बसला. बस फलाटाला लागली, की तो आनंदाने दोन्ही हात पंखांसारखे हलवी आणि पाटी मोठ्याने वाची. शेजारी टोपी घातलेले एक आजोबा मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “काय झालंय हो पोराला?”

माझ्या हातात आता डबा नव्हता, पत्रकही नव्हते.

“काही झालेलं नाही,” मी म्हटले. “त्र्यंबकची गाडी यायची आहे. तिची वाट बघतोय.”

आजोबांनी फलाटाकडे एकदा पाहिले, मुलाकडे एकदा पाहिले. “मीही तिचीच वाट बघतोय,” ते म्हणाले, आणि हात हलवायला जागा व्हावी म्हणून पिशवी उचलून थोडे सरकून बसले.